दोघांना दोन मोजा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय इथल्या अनेकांना आठवत असेल. हजेरी घेताना ते पटावर मान घालून नावं वाचत नसत. एक नाव उच्चारायचं, 'हजर' ऐकायचं, आणि मान वर करून त्या मुलाच्या तोंडाकडे बघायचं. चाळीस मुलांचा पट असला तर चाळीस वेळा मान वर व्हायची. मी नवीन शिक्षिका होते तेव्हा मला वाटायचं, एवढा वेळ कशाला घालवायचा? पुढे कळलं, की शाळा तिथूनच सुरू होते.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो विषय त्या वर उचललेल्या मानेचाच आहे. विषय आहे जुळी मुलं. आपल्याकडे जुन्या बायका 'जावळी' म्हणतात. जुळं असणं म्हणजे काय, जुळ्यांना वाढवणं म्हणजे काय, आणि त्यांना शिकवणं म्हणजे काय, या तीन गोष्टी मी क्रमाने मांडणार आहे. मला हा विषय पुस्तकात भेटला नाही. मी स्वतः जावळ्यांतली एक आहे. माझी बहीण माझ्यापेक्षा बारा मिनिटांनी धाकटी. आणि शिक्षिका म्हणून माझ्या वर्गात चार जोड्या येऊन गेल्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्या थोड्या मुलांसाठी एक अख्खं व्याख्यान? तर थोडे आकडे सांगते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार जगात दरवर्षी सुमारे सोळा लाख जुळी जन्मतात. जन्मणाऱ्या दर ४२ मुलांमागे एक मूल जुळ्यांतलं असतं. १९८० च्या काळाशी तुलना केली तर हे प्रमाण बरंच वाढलं आहे. कारणं दोन. बायका उशिरा आई होऊ लागल्या, आणि मूल होण्यासाठीचे उपचार आले. म्हणजे आज ना उद्या तुमच्या अंगणवाडीत, तुमच्या वर्गात, तुमच्या सोप्यावर एक जोडी येणार आहे. आपण तिच्याकडे कसं बघणार आहोत?

पहिला मुद्दा. जुळं असणं म्हणजे काय?

आमच्या आईला वाडीतल्या बायका कायम विचारत, "जावळा केळा खाल्लंलंस काय गो?" एका सालीत दोन केळी जुळलेली असली तर पोटुशी बाईने खाऊ नये, ही समजूत आजही घराघरांत आहे. खरं कारण केळ्यात नाही. जुळी दोन तऱ्हेची असतात. कधी एकाच वेळी दोन बीजं फळतात. ही दोन भावंडंच, फक्त एका वेळी पोटात राहिलेली. मुलगा-मुलगी अशी जोडी असली तर ती बहुधा याच तऱ्हेची. हा गुण आईच्या माहेरच्या रक्तातून येऊ शकतो. दुसरी तऱ्हा म्हणजे फळलेलं एकच बीज सुरुवातीलाच दुभंगतं आणि त्याची दोन बाळं होतात. दिसायला हुबेहूब असतात ती ही. असं होण्याला घराणं नाही, जात नाही, देश नाही. जगात कुठेही जा, हजार बाळंतपणांमागे अशी साधारण चारच जुळी.

मी आणि माझी बहीण त्या दुसऱ्या तऱ्हेतल्या. एक बीज, दोन मुली.

आता मला सांगा, एका बीजातून आलेली दोन माणसं एकच असतात का?

फ्रान्सिस गॉल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७५ साली जुळ्यांवर एक निबंध लिहिला. माणूस जन्मतः काय घेऊन येतो आणि परिस्थिती त्याला काय देते, हे ओळखायला जुळी उपयोगी पडतील हे त्याने ओळखलं. याच गॉल्टनने १८९२ साली एक पुस्तक लिहिलं, ते बोटांच्या ठशांवर. मला हा योग फार बोलका वाटतो. कारण एका बीजाच्या जुळ्यांचा चेहरा एक असतो, रक्तगट एक असतो, पण बोटांच्या रेघा एक नसतात. आईच्या पोटात दोघांची जागा वेगळी, दोघांची हालचाल वेगळी, आणि त्या एवढ्याशा फरकाने बोटांवरची नक्षी वेगळी उमटते. जन्माआधीच ती दोघं वेगळी झालेली असतात.

आधारचं शिबिर आमच्या गावात लागलं तेव्हा आम्ही दोघी एकामागोमाग एक रांगेत होतो. आधी बहिणीचं झालं. मी खुर्चीवर बसले, तर तो मुलगा म्हणाला, "बाई, तुमचं आत्ताच झालं की." मागे उभ्या असलेल्या बहिणीकडे बोट दाखवल्यावर तो दोघींकडे बघत राहिला. मग मी काचेवर चार बोटं ठेवली, अंगठा ठेवला. पुढे दोन कार्डं आली, दोन वेगळ्या क्रमांकांची. साठ वर्षं लोक आम्हाला विचारत होते, "तू थोरली काय धाकटी?" त्या यंत्राने काही विचारलं नाही. त्याने आम्हाला सरळ दोन मोजलं.

लोकांना सारखेपणा मोजायला आवडतो. १९७९ साली अमेरिकेत दोन जुळे भाऊ ३९ व्या वर्षी एकमेकांना भेटले. जन्मानंतर काही आठवड्यांतच दोन घरांनी त्यांना दत्तक घेतलं होतं. दोघांचं नाव जिम. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास सुरू केला, तो या भावांपासून. त्यांच्या सवयी किती जुळतात याच्या बातम्या जगभर छापल्या गेल्या. पण त्यातला एक जण बोलण्यात अधिक तरबेज होता आणि दुसरा लिहिण्यात, हे किती जणांनी लक्षात ठेवलं? सारखेपणाची बातमी होते. वेगळेपण नुसतं जगायचं असतं.

आणि एक सांगते. जुळं असण्यात एक सुख आहे, ते इतरांना कळायचं नाही. अंधाराची मला कधी भीती वाटली नाही, कारण अंधारात मी कधी एकटी नव्हतेच. तेव्हा वेगळेपणाची बाजू मांडताना मी हे नातं तोडायला सांगत नाही. ते नातं हे आमचं धन आहे. पण धन दोघांचं असायला आधी दोघं असावी लागतात.

दुसरा मुद्दा. जुळ्यांना वाढवणं.

पहिल्यांदा आईबद्दल बोलू, कारण सगळे बाळांबद्दल बोलतात. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतात. वजन कमी असतं. म्हणून जुळी आहेत हे सुरुवातीच्या सोनोग्राफीतच कळणं, दोघांना वार एकच आहे की दोन हे तपासून घेणं, आणि बाळंतपण सोयीच्या रुग्णालयात करणं, यात हयगय नको. बाळं नाजूक असली तर छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायची. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही कांगारू पद्धत सुरू केली, ती तिथे काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. जुळ्यांच्या बाबतीत एक बाळ आईच्या छातीशी आणि दुसरं बापाच्या, असं करता येतं. बापांनो, इथे लाजायचं कारण नाही. ते काम तुमचंच आहे.

"दोघांना दूध पुरेल का?" असं आजूबाजूच्या बायका बाळंतिणीच्या तोंडावर विचारतात. जेवढं पाजावं तेवढं दूध येतं, हा शरीराचा नियम आहे. दोन बाळं ओढतात तेव्हा बहुतेक आयांना दोघांपुरतं दूध येऊ शकतं. अट एवढीच, आईच्या पोटात अन्न जायला हवं आणि तिला सलग दोन तास झोप मिळायला हवी. बारशाला दोन झबली घेऊन जाण्यापेक्षा आठवडाभर रोज दुपारी दोन तास त्या घरी जाऊन बसा. पेजेचं भांडं न्या. एक बाळ मांडीवर घ्या.

आता त्या मांडीवरच्या बाळाशी बोला. हे मी मुद्दाम सांगते. जुळ्यांना बोलायला थोडा उशीर लागतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. दिवस भरायच्या आधी जन्मण्याचा त्यात भाग आहे. पण दुसरं कारण घरातलं आहे. एकट्या मुलाशी आई दिवसभर बोलत असते. जुळ्यांची आई दोघांशी मिळून बोलते, "चला रे, जेवा रे, झोपा रे." अनेकवचनात वाढलेल्या मुलाला 'तू' म्हणणारं कुणी नसतं. मग ती दोघं आपापसांतच एक बोली तयार करतात, अर्धे शब्द, खुणा, हुंकार. बघणाऱ्याला कौतुक वाटतं. पण त्यात मूल अडकू शकतं.

रशियातले लुरिया आणि युदोविच यांनी १९५६ साली पाच वर्षांच्या अशाच दोन जुळ्या भावांचा अभ्यास मांडला. दोघांचं बोलणं बाहेरच्याला कळत नसे. त्यांना बालवाडीच्या दोन वेगळ्या गटांत ठेवलं. इतर मुलांशी बोलल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. काही महिन्यांत दोघं नीट बोलू लागले, आणि बोलण्याबरोबर त्यांचे खेळही बदलले. आधी नुसती आदळआपट होती. आता ते ठरवून काही रचू लागले.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. मी ते जगले होते. पहिली-दुसरीत मी शाळेत बोललेच नाही. गुरुजी काही विचारत, बहीण उत्तर देई, आणि ते उत्तर दोघींच्या नावावर जमा होई. तिसरीत तिला कावीळ झाली. महिनाभर मी एकटी शाळेत गेले. पहिल्या दिवशी पाणी प्यायला जायचं होतं, तर ते विचारायचं कसं हेच मला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत तहानलेली बसले. मग उठून विचारलं. माझा आवाज वर्गात मी पहिल्यांदा ऐकला तो त्या दिवशी.

वाढवण्याबद्दल आणखी एकच सांगते. आईला वाडीत सगळे म्हणत, "दोगींका एकच झगो शिव, बरा दिसता." आई म्हणायची, "माझी चेडवां दोन आसत, एक नाय." एकच तागा परवडायचा, कापड एकच असायचं. पण ती एकीच्या झग्याला खिसा लावायची आणि दुसरीच्या झग्याला पट्टा. वाढदिवसाला पाट दोन, आणि औक्षण दोनदा. तेल तेवढंच, वात तेवढीच, पण ओवाळताना ती एका वेळी एकीच्याच तोंडाकडे बघायची.

आता रामायण-महाभारताकडे बघू. आपण जुळ्या मुलांची नावं काय ठेवतो? राम-लक्ष्मण. पण राम आणि लक्ष्मण जुळे नव्हतेच! रामायणात जुळे आहेत ते लक्ष्मण आणि शत्रुघ्न, सुमित्रेचे मुलगे. हे आपण विसरतो, आणि का विसरतो याचा विचार करा. एक रामाच्या मागे गेला, दुसरा भरताच्या. चौदा वर्षं एक अरण्यात, दुसरा अयोध्येकडे. प्रत्येकाला आपली निष्ठा मिळाली, आपलं काम मिळालं. इतके ते आपापले झाले, की ते जुळे आहेत हे लोक विसरले. महाभारतातले नकुल-सहदेव आपल्या तोंडी एका दमात येतात. पण अज्ञातवासात विराटाच्या घरी नकुल घोडे सांभाळतो आणि सहदेव गाई. व्यासांनी त्यांना एकच काम दिलेलं नाही.

मग जुळ्यांना वेगळंच करावं का? तसंही नाही. कुश आणि लव वाल्मीकींच्या आश्रमात एकत्र शिकले, एकत्र गायले, आणि त्यांच्या गाण्याची ताकद दोघांच्या एकत्र सुरात होती. वाल्मीकिरामायणात एक गोष्ट आहे, ती मला फार प्रिय आहे. ज्या रात्री सीतेला ही बाळं झाली, त्या रात्री लवणासुरावर निघालेला शत्रुघ्न त्याच आश्रमात मुक्कामाला होता. वेगळ्या वाटेने गेलेला एक जुळा, आणि एकत्र वाढणार असलेले दोन जुळे, एका रात्री एका आश्रमात. दोन्ही वाटा आपल्या परंपरेने मान्य केलेल्या आहेत. मग कोणत्या मुलांना कोणती वाट, हे कोण ठरवणार? नियम ठरवणार नाही. त्या मुलांकडे बघणारा माणूस ठरवणार.

इथून मी तिसऱ्या मुद्द्याकडे येते. जुळ्यांना शिकवणं.

शहरातल्या शाळांत प्रश्न असतो, दोघांना 'अ' तुकडीत ठेवायचं की एकाला 'ब' मध्ये? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००५ साली कायदाच केला, की याबाबत आईवडिलांचं म्हणणं शाळेने ऐकावं. आपल्याकडे मुळात दुसरी तुकडी कुठे आहे? सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. माणसं मुंबईला गेली, घरं बंद झाली, शाळांचे पट आटले. एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. तिथे जुळ्यांना वेगळं करायचं ते कुठे?

माझं उत्तर असं आहे, की भिंत नसली तरी वेगळेपण देता येतं. बाकं वेगळी द्या. गट वेगळे करा. एकाला फळा पुसायला सांगा, दुसऱ्याला परसबागेला पाणी घालायला. प्रश्न नाव घेऊन विचारा, आणि उत्तर त्याच तोंडातून येईपर्यंत थांबा. भावाने उत्तर दिलं तर त्याला प्रेमाने सांगा, "तुझी पाळी नंतर." एकाची वही दुसऱ्याच्या समोर धरून "बघ, हा कसा लिहितो" असं कधी म्हणू नका. इतर भावंडांची तुलना बोचते. जुळ्यांची तुलना मुळावर घाव घालते, कारण त्यांच्याकडे 'तो मोठा आहे म्हणून' हा आडोसाही नसतो. आणि दरवर्षी जूनमध्ये स्वतःला विचारा, यांच्यातलं एक दुसऱ्याच्या वतीने जगतंय का? जगत असेल तर अंतर वाढवा. दोघं मोकळी असतील तर एकत्र राहू द्या.

एक प्रसंग सांगते. माझ्या पाचवीच्या वर्गात दोन जुळे भाऊ होते. दोघंही नवोदयच्या परीक्षेला बसले. सांगेलीच्या नवोदय विद्यालयात सहावीसाठी जिल्ह्यातून ८० मुलं घेतात. एकाची निवड झाली, दुसऱ्याची नाही. दोघांत हुशारीचा तिळमात्र फरक नव्हता. आई माझ्याकडे रडत आली. म्हणाली, "बाई, एकाक धाडूक नको. दोगांवय हयच शिकांदेत." मी दोन दिवस विचार केला. मग तिला म्हटलं, निवड झालेल्याला अडवलंस तर राहिलेल्याच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं ठेवशील, भावाचं नुकसान आपल्यामुळे झालं म्हणून. त्याला जाऊ दे, आणि राहिलेल्याकडे जास्त बघ.

तो गेला. राहिलेला मुलगा महिनाभर बाकावर एका कडेला बसायचा. उजवीकडची जागा मोकळी ठेवायचा, दुसरं कुणी बसायला आलं तर दप्तर ठेवायचा. मी त्याला काही बोलले नाही. एक दिवस दप्तर खाली गेलं, आणि शेजारी दुसरा मुलगा बसला. मधल्या सुट्टीत तो मला म्हणाला, "बाई, आता सगळी माका माझ्याच नावान हाक मारतत." आनंदाने म्हणाला की दुःखाने, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही होतं. दर शनिवारी तो भावासाठी चिंचा जमवून ठेवायचा. ते दोघं आज दोन वेगळ्या गावांत दोन वेगळी कामं करतात, आणि रोज रात्री फोनवर बोलतात.

जुळ्यांना एक मोजायचं की दोन, यात कायदासुद्धा घोटाळतो. आपल्या राज्यात २००१ च्या सप्टेंबरनंतर दोनपेक्षा अधिक मुलं झाली, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. पण एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली, तर ती दोघं मिळून एकच धरली जातात. आईबापांवर अन्याय होऊ नये म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे. पण पोस्टात जा. सुकन्या योजनेत त्याच जुळ्या मुलींची दोन खाती, दोन पासबुकं. आईबापांची पात्रता मोजताना एक, आणि मुलींचं भविष्य मोजताना दोन. मला वाटतं, या दोन हिशेबांतला दुसरा हिशेब आपण घरात आणि शाळेत चालवला पाहिजे.

समारोप करते. तीन गोष्टी सांगितल्या. जुळी एका बीजाची असली तरी जन्माआधीच दोन झालेली असतात. त्यांना वाढवताना 'तुम्ही' म्हणण्याआधी 'तू' म्हणायला हवं. आणि शिकवताना वेगळं करायचं की एकत्र ठेवायचं, हे मुलांकडे बघून ठरवायचं.

या सभागृहापासून जवळच आपला धामापूरचा तलाव आहे. १५३० साली नागेश देसाई यांनी बांधला. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पण आपल्या आज्ज्यांना तो दुसऱ्याच गोष्टीसाठी ठाऊक होता. लग्नकार्याला दागिने हवे असले की भगवती देवीला सांगून फुलांची परडी पाण्यात सोडायची, आणि परडीतून दागिने यायचे. कार्य झालं की परत करायचे. एकदा कुणीतरी ते परत केले नाहीत, आणि तलावाने देणं बंद केलं. लहानपणी ती गोष्ट ऐकताना मला वाटायचं, एवढे दागिने, तलावाला कळलं कसं? आज कळतं. देणाऱ्याला प्रत्येक नग ठाऊक असतो. ढीग दिसतो तो घेणाऱ्याला.

जूनमध्ये शाळा उघडतील. तुमच्या दारात एकसारख्या चेहऱ्याची दोन मुलं उभी राहतील. 'जुळी आली' असं म्हणू नका. एकाला नाव विचारा, त्याच्याकडे बघा, उत्तर येईपर्यंत थांबा. मग दुसऱ्याला विचारा, आणि पुन्हा तेवढंच थांबा.